लॅपटॉपखालचा पंखा

लॅपटॉपच्या खोक्यात तळाशी एक पातळ पुस्तिका असते. ती सहसा कुणी वाचत नाही, आणि वाचलीच तरी वापराच्या तापमानाची ओळ नजरेतून सुटते. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपसाठी तिथे कमाल आकडा ३५ अंश सेल्सिअस असतो. हा आकडा आतल्या प्रोसेसरचा नसून यंत्र ज्या खोलीत ठेवलं आहे तिथल्या हवेचा आहे. आता हीच ओळ नागपूर, अकोला, चंद्रपूर किंवा जळगावात बसून वाचावी. तिथे मार्चअखेरपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर असतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. घराच्या आत चार-पाच अंश कमी धरले, तरी पुस्तिकेच्या हिशेबाने वर्षातले दोन-अडीच महिने हे यंत्र दुपारी वापरण्याजोगं नसतं. ते वापरलं जातंच, आणि बऱ्याच घरांत त्याच्याखाली प्लायचा तुकडा, जाळी आणि जुन्या कॅबिनेटमधून काढलेला पंखा अशी एक घरगुती जोडणी दिसते. या जोडणीकडे हौशी पोरांचा उद्योग म्हणून पाहण्याची रीत आहे. मला ती रीत चुकीची वाटते. संगणक गार ठेवणं हे काम गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत संस्थेकडून कारखानदाराकडे आणि कारखानदाराकडून गिऱ्हाइकाकडे सरकत आलं आहे. लॅपटॉपखालचा घरगुती स्टँड हे त्या सरकण्याचं सध्याचं टोक आहे, आणि त्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात थंड खोलीपासून करावी लागते.

पहिल्या पिढीचे संगणक गरम होत असत असं म्हणणं अपुरं आहे. गरम होणं हेच त्यांचं चालणं होतं. निर्वात नळीतली तार तापवल्याशिवाय तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये अशा सुमारे १८ हजार नळ्या होत्या, ते यंत्र दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खाई, आणि ती जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता बनून खोलीत उतरे. ती बाहेर ओढायला मोठे पंखे यंत्राचाच भाग म्हणून बसवले होते. भारतात पहिला अंकीय संगणक १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, तो ब्रिटनहून. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र स्वतःच एक घडवला. १९५६ मध्ये त्याचा छोटा नमुना चालू झाला, १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागलं आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असं नाव दिलं. त्यात सुमारे २७०० नळ्या होत्या. मुंबईच्या दमट हवेत अशा यंत्राला थारा द्यायचा म्हणजे आधी खोलीचा विचार आणि मग यंत्राचा. या काळात गारवा पुरवायचा कुणी, असा प्रश्नच उद्भवत नव्हता. ज्याने लाखांचं यंत्र घेतलं, त्याने खोली थंड ठेवायची. इमारतीच्या नकाशात आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात ती बाब आधीच धरलेली असे.

वातानुकूलनाची पहिली सोय माणसासाठी झाली नव्हती, हेही इथे नोंदवायला हवं. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात उन्हाळ्यातल्या दमटपणामुळे कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग सरकत. तो कागद ताळ्यावर ठेवण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने आपली यंत्रणा आखली; कामगारांच्या घामाशी तिचा संबंध नव्हता. आपल्याकडे संगणक आला तेव्हा हाच क्रम पुन्हा दिसला. ज्या कार्यालयांत साहेबांच्या डोक्यावरही साधा पंखाच फिरत होता, तिथे संगणकाची खोली मात्र थंडगार असे, आणि दाराबाहेर चपलांची रांग. पादत्राणे बाहेर काढावीत, अशी पाटी ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॉलेजांच्या आणि तालुक्याच्या गावांतल्या संगणक वर्गांच्या दारावर सर्रास दिसे. पुढे या पाटीची बरीच टिंगल झाली, यंत्राला देवघरात बसवल्याची. टिंगल करणाऱ्यांनी धुळीचा विचार केला नसावा. उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांत मऊ धुळीचा थर बसला की हवा आत शिरत नाही, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरून आलेल्या चपला दिवसाकाठी किती धूळ आणतात ते दुकानदाराला विचारावं. दारात चपला काढणं हा यंत्र गार ठेवण्याचाच एक बिनखर्ची भाग होता. देवघराचा भाव त्यात मिसळला असेलही, पण मुळात ती देखभाल होती.

खोलीतून डब्यात आणि डब्यातून टेबलावर ही वाटचाल सत्तरच्या दशकाअखेरी सुरू झाली. घरगुती संगणक विकायचा तर गिऱ्हाइकाला खोली बांधायला सांगता येत नाही. गारव्याची सोय डब्यातच करावी लागते. आयबीएमने १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये वीजपुरवठ्याच्या खोक्यात पंखा बसवला आणि ती बाब मिटवली. ॲपलने दुसरी वाट धरली. स्टीव्ह जॉब्सला पंख्याचा आवाज खपत नसे, म्हणून १९७७ चा ॲपल टू बिनपंख्याचा आला. रॉड होल्टने आखलेला वीजपुरवठा त्या काळच्या मानाने कमी तापणारा होता, त्यामुळे ते निभावलं. पण त्या यंत्रात लोक एकामागून एक कार्डं खोचू लागले तेव्हा ते तापू लागलं, आणि केन्सिंग्टन कंपनीने त्याच्या कुशीला अडकवायचा पंखा बाजारात आणला. १९८० चा ॲपल थ्रीही बिनपंख्याचा होता. ॲल्युमिनियमच्या जाड ओतीव बुडाने उष्णता शोषून घ्यावी अशी कल्पना होती. ती फसली. आतल्या चिपा खोबणीतून सैल होत, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा म्हणजे त्या जागेवर बसतील, असा सल्ला दिला जाई. सगळा दोष उष्णतेचा नव्हता, सदोष जोडणीचाही होता. पण डब्याला पंखा नसण्याची किंमत कुणाच्या टेबलावर चुकवली गेली, ते यातून कळतं.

मला सर्वांत बोलका वाटतो तो मात्र १९८४ चा मॅकिंटॉश. त्यालाही पंखा नव्हता. गरम हवा आपोआप वर जाऊन माथ्यावरच्या फटींतून निघून जावी अशी योजना होती. तत्त्व बरोबर होतं, उंची अपुरी पडत होती. मग काही लोकांनी त्या फटींवर पुठ्ठ्याचं उभं धुराडं बसवायला सुरुवात केली. धुराडं जितकं उंच तितकी ओढ जास्त, हे चुलीपुढे बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मॅक-चिमणी या नावाने असलं धुराडं विकतही मिळे, आणि पुठ्ठा, कात्री व चिकटपट्टी वापरून ते घरीही होई. दिसायला ते विदूषकाच्या टोपीसारखं होतं आणि त्यावरून थट्टाही झाली. १९८७ च्या मॅकिंटॉश एसईमध्ये ॲपलने अखेर पंखा बसवला. जॉब्स तोवर कंपनीतून बाहेर पडला होता. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: कारखानदाराने एक काम टाळलं, वापरणाऱ्याने ते पुठ्ठ्याने केलं, आणि मग कारखानदाराने ते परत हाती घेतलं. लॅपटॉपच्या बाबतीत पहिले दोन टप्पे झाले आहेत, तिसरा अजून पुरता झालेला नाही.

तो का झाला नाही, याचं उत्तर चिपेत आहे. १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरला दोनेक वॅट वीज लागे; त्याच्या पाठीवर साधी धातूची पट्टीही नसली तरी चाले. १९९३ चा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या घरात गेला आणि पाते-पंखा घेऊनच आला. २००४ मधल्या पेंटियम फोरच्या प्रेस्कॉट आवृत्तीने शंभरी ओलांडली. तीन वर्षं आधी, २००१ च्या एका अभियांत्रिकी परिषदेत, इंटेलच्याच पॅट गेलसिंगरने इशारा दिला होता की ही चाल अशीच राहिली तर चिपेच्या चौरस सेंटिमीटरमागची उष्णता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या नळकांड्याच्या पंक्तीला जाईल. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब असा होता की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरतं आणि तितक्याच जागेतली उष्णता वाढत नाही. २००५ च्या सुमारास व्होल्टेज आणखी उतरेना आणि तो हिशेब थांबला. इंटेलने पुढच्या टेजस चिपेचं काम २००४ मध्येच सोडून दिलं. नेमक्या याच काळात लॅपटॉप घराघरांत शिरत होता, आणि स्वस्तातल्या काही जाड लॅपटॉपमध्ये तर टेबलावरच्या संगणकासाठी केलेला पेंटियम फोरच कोंबलेला असे.

लॅपटॉपच्या आतलं गारव्याचं यंत्र तसं सुरेख असतं. प्रोसेसरला चिकटून तांब्याची चपटी नळी जाते. तिच्यात हवा काढून घेतलेली असते आणि थेंबभर पाणी. कमी दाबामुळे ते पाणी प्रोसेसरच्या टोकाला सहज उकळतं, वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन पात्यांपाशी थंड होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून पाणी परत मागे झिरपतं. नळीत हलणारा एकही भाग नाही. अमेरिकेतल्या लॉस ॲलामोसच्या जॉर्ज ग्रोव्हरने १९६३ मध्ये ही नळी सिद्ध केली ती अंतराळातल्या वापरासाठी; नव्वदच्या दशकात ती लॅपटॉपमध्ये आली. पण नळी उष्णता फक्त हलवते. ती शेवटी हवेलाच द्यावी लागते, आणि ही हवा बहुतेक लॅपटॉप बुडातून ओढतात. बूड आणि टेबल यांत रबरी पायांनी सोडलेली फट असते दोन-तीन मिलिमीटरची. लॅपटॉप जितका पातळ, तितकी पाती लहान आणि पंखा चपटा. २००८ च्या मॅकबुक एअरनंतर पातळपणा हाच विक्रीचा मुद्दा झाला, आणि तो पातळपणा जिथून काढला गेला त्या जागांपैकी हवेची वाट ही एक. हाच लॅपटॉप मांडीवर किंवा गादीवर घेतला की उरलीसुरली फटही बुजते. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर पडलेल्या जाळीदार डागांची नोंद केली. शेगडीशी तासन्‌तास बसणाऱ्यांना पूर्वी जे डाग पडत, तेच त्याला लॅपटॉपमुळे पडले होते.

घरगुती स्टँड ही फट वाढवतो. त्याची निम्मी करामत एवढीच आहे. बुडाशी सारख्या उंचीची चार बाटल्यांची झाकणं, फरशीच्या दुकानातला उरलेला तुकडा, कागदाच्या लगद्याचा अंड्यांचा ट्रे, पीव्हीसी पाइपचे कापलेले कोपरे, काहीही चालतं. त्यापुढची पायरी म्हणजे पंखा. तो बहुधा मेलेल्या एसएमपीएसमधून किंवा जुन्या कॅबिनेटमधून येतो, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, नागपूरच्या सीताबर्डीवर मिळतो. पंखा १२ व्होल्टचा आणि यूएसबीची तार ५ व्होल्टची, म्हणून तो साधारण निम्म्या वेगाने फिरतो. हे कमीपण खरं तर फायद्याचं ठरतं, कारण आवाज जवळपास नाहीसा होतो. लाल तार लालला, काळी काळीला, जोडावर टेप, आणि प्लायला पडलेल्या गोल भोकावर जाळी. इथे एक चूक हमखास होते, पंख्याची दिशा. लॅपटॉप बुडातून हवा आत ओढत असेल तर खालच्या पंख्याने हवा वर फेकली पाहिजे. तो उलटा बसला तर दोन पंखे एकमेकांच्या तोंडची हवा पळवतात आणि यंत्र स्टँडशिवाय तापलं असतं त्याहून जास्त तापतं.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. पेंटियम फोरपासूनच प्रोसेसर स्वतःचं तापमान मोजून वेग कमी करतात. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या जर्मन चमूने चालत्या प्रोसेसरवरची पाती उचलून दाखवली, तेव्हा एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून मेला आणि पेंटियम फोर नुसता मंदावला. मग यंत्र स्वतःला सांभाळत असताना ही लुडबुड कशाला? हिशेब करून पाहावा. उष्णता वाहण्याचा वेग प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. प्रोसेसर शंभर अंशांना स्वतःला आवरतो असं धरलं, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ असतो आणि ४३ अंशांच्या खोलीत ५७. म्हणजे तीच पाती, तोच पंखा, पण बाहेर टाकता येणारी उष्णता जवळपास चौथाईने कमी. बंगळूरच्या थंड कचेरीत जो प्रोसेसर ४० वॅटवर टिकून काम करतो, तो अकोल्याच्या माळ्यावर तिसाच्या आसपास अडतो. यंत्र वाचतं हे खरं. मात्र त्या वाचण्याची किंमत वापरणाऱ्याच्या वेळेतून जाते, आणि पैसे दोघांनी सारखेच मोजलेले असतात. शिवाय बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि साधारण ४५ अंशांपलीकडे तिचं चार्जिंग टाळलं जातं; प्रोसेसरने वेग उतरवला तरी तिच्या शेजारची खोलीची हवा काही उतरत नाही.

२०२० च्या उन्हाळ्याने हा फरक पुरता उघड केला. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि हिंजवडी-खराडीच्या वातानुकूलित मजल्यांवर बसणारी मंडळी आपापले लॅपटॉप घेऊन अमरावती, नांदेड, धुळ्याच्या घरी पोचली. यंत्र कंपनीचं, काम कंपनीचं, पण थंड खोली मात्र मागे राहिली. साठ वर्षांपूर्वी अंदाजपत्रकात आधी लिहिली जाणारी बाब आता कर्मचाऱ्याच्या घरच्या वीजबिलात गेली, आणि ज्यांच्याकडे एसी नव्हता त्यांनी ती प्लाय आणि पंख्यावर भागवली.

दुसरा आक्षेप असा की असल्या स्टँडने दोन-चार अंशांपलीकडे काही होत नाही. हे मी बऱ्याच अंशी मान्य करतो. पंख्यापेक्षा उंची जास्त काम करते, आणि दोन्हींपेक्षा आतली धूळ काढणं. ज्या लॅपटॉपला बुडातून वाटच नाही, कीबोर्डाकडून किंवा कडेने हवा घेणारा आहे, त्याच्याखालचा पंखा शोभेचा. बाजारात निळे दिवे लावून विकले जाणारे कूलिंग पॅडही याच हिशेबात बसतात. त्यांच्यावरची आश्वासनं घरगुती जोडणीला लागू करून तिला नापास करणं बरोबर नाही. खोलीची हवाच ४३ अंशांची असेल तर पंखा ती ४३ अंशांचीच हवा देणार. खरा उतारा तिथे पत्र्याच्या कूलरचा. आणि तिथेच जुगाड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही उत्तर मिळतं. विदर्भात कूलरचा पत्रा स्थानिक कारखान्यात वाकवला जातो, मोटर, पंप, जाळी वेगवेगळी घेतली जाते, दर मार्चमध्ये गवत बदललं जातं, आणि त्याला कुणी हौस म्हणत नाही. कारखान्याने जी हवा गृहीत धरली तिच्यात आणि घरातल्या हवेत अंतर पडलं की ते अंतर भरण्याचा धंदा गावात उभा राहतो. लॅपटॉपच्या स्टँडचा अजून धंदा झालेला नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप नव्या यंत्रांचा. २०२० अखेर ॲपलच्या एम-वन चिपेचा मॅकबुक एअर पंख्याशिवाय आला आणि बऱ्यापैकी वेगाने चालला. मग तापणारे लॅपटॉप हा मागच्या पिढीचा विषय ठरत नाही का? चिपा कमी वीज खाऊ लागल्या ही मोठी गोष्ट आहे, आणि कारखानदाराने ते काम परत हाती घेण्याच्या दिशेने ते एक पाऊल आहे. पण त्याच यंत्राचं बूड उघडून चिपेवरच्या पत्र्यावर उष्णता वाहणारी मऊ पट्टी लावायची आणि उष्णता थेट बुडाच्या ॲल्युमिनियमला द्यायची, हा प्रकार हौशी लोकांनी लगेच सुरू केला. लांब चालणारी कामं त्याने वेगात झाली आणि बूड मांडीवर ठेवण्यासारखं राहिलं नाही. ज्या क्षमतेसाठी पैसे दिले ती सगळी वापरायची म्हटलं की उष्णतेला वाट द्यावी लागते, आणि ती वाट कारखान्यात नाही तर घरी काढली जाते.

दरम्यान जड गणित लॅपटॉपमधून निघून पुन्हा मोठ्या खोल्यांकडे चाललं आहे. ऐरोली, महापे, रबाळेच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांमध्ये गारवा ही पुन्हा इमारतीच्या नकाशातली पहिली बाब झाली आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांसाठी तर हवा पुरत नाही म्हणून द्रव फिरवणाऱ्या नळ्या थेट चिपेपर्यंत नेल्या जात आहेत. तिथला खर्च संस्था करते आणि दरात लावते. घरातल्या लॅपटॉपकडे त्यामुळे हलकं काम उरेल असं म्हणतात, पण दुपारी दोन वाजता व्हिडिओवरची तासाभराची बैठक आणि चार उघड्या एक्सेल-वह्या हे हलकं काम नव्हे, निदान मे महिन्यात नव्हे. पुस्तिकेतला ३५ हा आकडा निसर्गनियम नाही. तो कंपनीने निवडलेला आहे. भारतात विकायच्या यंत्रावर तो ४५ असायचा तर पाती थोडी मोठी, पंखा थोडा जाड आणि यंत्र काही मिलिमीटर फुगीर करावं लागेल. ती जाडी आज प्लायच्या स्वरूपात यंत्राच्या बाहेर बसवली जाते, आणि ती बसवण्याची मजुरी गिऱ्हाईकच देतं.